दुसरं वाक्य

“तळाचा कप्पा रिकामा का ठेवतोस?” ब्रोन्याबाईंनी विचारलं.

“डबा आईने दिलाय, तीन कप्प्यांचा. मला स्वयंपाक दोनच कप्प्यांचा येतो.”

त्यांनी तो कप्पा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बोटाने टिचकी मारली, झाकण लावून काढून बघितलं. “छान. घट्ट बसतो,” म्हणाल्या.

एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने माझ्या डब्याची एवढी तारीफ केली म्हणून मी दिवसभर खूश होतो. त्या वर्षी माझ्या कुठल्याच गोष्टीची कोणी तारीफ करत नव्हतं, त्यामुळे डब्यावर भागवावं लागे.

संग्रहालय इस्राएलच्या उत्तरेला, एका किबुत्सच्या कडेला होतं. किबुत्स म्हणजे सगळ्यांची मिळून एक शेती आणि सगळ्यांचं मिळून एक भांडण. युरोपात ज्यूंचं जे हत्याकांड झालं त्याचं, आणि हाती लागेल ते घेऊन त्याविरुद्ध लढलेल्यांचं हे संग्रहालय. लढून वाचलेल्या माणसांनीच ते उभं केलेलं. ब्रोन्याबाई त्यांतल्या एक. आणि मी एझ्रा वाकरूळकर, कोकणातला ज्यू, वय तेवीस, मूळ गाव पेण, तळघरातल्या वाचनकक्षाचा मदतनीस.

मुलाखतीत संचालक गिदोन यांनी विचारलं होतं, “त्या काळाशी तुझ्या घराण्याचा काही संबंध?”

“नाही. माझे आजोबा तेव्हा पेणला घाण्यावर तेल गाळत होते. शनिवारी सुट्टी.”

“छळ वगैरे?”

“दोन हजार वर्षांपूर्वी नवगावला आमचं जहाज फुटलं असं सांगतात. त्यानंतर विशेष तक्रार नाही.”

फॉर्मवरचा तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. गिदोन यांनी थोडा विचार करून तिथे ‘जहाज’ असं लिहिलं आणि मला अकरा महिन्यांसाठी घेतलं. अकरा महिने संपले की एकतर कायम, नाहीतर धन्यवाद. कायम झालो तर किबुत्सवर दोन खोल्या मिळणार होत्या आणि पेणहून आईला आणता येणार होतं. आईने तिकडे शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. कुंड्या कोणाला द्यायच्या ते ठरलं होतं.

ब्रोन्याबाई दर बुधवारी तळघरात येत आणि स्वतःचीच पेटी वाचायला मागत. पेटी क्रमांक दोनशे चौदा. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी आपले सगळे कागद एका पोत्यात भरून संग्रहालयाला देऊन टाकले होते, न निवडता. नियम असा होता की एकदा दिलेला कागद बाहेर जात नाही, देणाऱ्याबरोबरसुद्धा नाही. पिशव्या वर ठेवायच्या, आत फक्त पेन्सिल न्यायची. बाराला वाचनकक्ष बंद झाला की शेजारच्या चहाच्या खोलीत आम्ही दोघं माझा डबा खायचो. मग मी पेट्या फडताळात लावायला जायचो आणि त्या डबा धुवायच्या.

“तू धुतलेलं भांडं तुझ्या आईने पाहिलं तर ती समुद्रात उडी घेईल,” म्हणायच्या.

“पेणला समुद्र नाही, खाडी आहे.”

“मग खाडीत.”

संध्याकाळी बसथांब्यावर त्या माझी वाट बघत असायच्या. “आण तो डबा. उद्या भरून देते.” गुरुवारी डबा परत यायचा तो खसखशीची गुंडाळी, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव, घेऊन. ती गुंडाळी इतकी चांगली असायची की मी कधीच विचारलं नाही, एवढ्या म्हाताऱ्या बाईला माझा डबा घरी वाहून न्यायची हौस का. आईपासून चार हजार किलोमीटरवर कोणी रिकामा डबा मागून नेत असेल तर माणूस प्रश्न विचारत नाही.

फाटकावर शिमशोनकाका पेझारकर असायचे. आमच्यातलेच, अलिबागजवळच्या पेझारीचे, चाळीस वर्षांपूर्वी आलेले. बाहेरच्या माणसाची पिशवी आणि खिसे ते अस्तर उलटं करून तपासत, ब्रोन्याबाईंचेसुद्धा. माझी पाळी आली की मराठीत म्हणत, “जा रे. तुझ्या पिशवीत काय असणार? दारिद्र्य.”

आणि गुरुवारी सभागृहात ब्रोन्याबाई शाळेच्या मुलांना आपली गोष्ट सांगत. खुर्च्या मी लावायचो, त्यामुळे त्या वर्षात ती मी चाळीस वेळा तरी ऐकली. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. ज्यूंच्या बंद वस्त्यांमधून निरोप, खोटे परवाने, पिस्तुलाचे सुटे भाग पोचवायचं काम करायच्या. गळ्यात क्रूस, केसांना रंग, आणि पावाच्या पोटात लोखंड. बरोबर मैत्रीण असायची, हेला. दोघींचा नियम एकच: एक पकडली गेली तर दुसरीने तिला कधीच पाहिलेलं नाही. एका स्टेशनात, अकरा वाजून वीस मिनिटांनी, हेलाच्या परवान्यावरचा शिक्का पुसट निघाला. शिपायाने ब्रोन्याबाईंकडे वळून विचारलं, हिला ओळखतेस? “मी एक शब्द बोलले,” ब्रोन्याबाई सांगायच्या. “नाही. हेलाने घड्याळाकडे पाहिलं. मी गाडीत चढले. माझ्याजवळचा पाव पोचला.” मुलं श्वास सोडायची. मग टाळ्या.

माझेही डोळे भरून यायचे. चाळिसाव्या वेळीसुद्धा.

ऑगस्टमध्ये जाहीर झालं की सप्टेंबरातल्या आमच्या नववर्षाच्या सणानंतर नवं दालन उघडणार: मेलेल्यांच्या नातेवाइकांनी पाठवलेली पत्रं. त्यासाठी नूरित, म्हणजे आमच्या दफ्तराच्या प्रमुख, एकेक पेटी वाचून काढत होत्या.

“किती नंबरपर्यंत आलीय ती?” ब्रोन्याबाईंनी एकदा उसळ खाता खाता विचारलं.

“एकशे नव्वद.”

“पोलिश येतं तिला?”

“उत्तम.”

“कठीण आहे,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, उसळ कच्ची राहिली.

सणाच्या दोन दिवस आधी बुधवार आला. आमच्या नव्या वर्षाला कोकणातल्या आमच्या लोकांत चिकाचा हलवा करतात. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, साखर घालून घोटत बसायचं. घोटणं थांबवलं की खाली लागतो. मी भाड्याच्या खोलीत एका शेगडीवर चार तास घोटला. त्यानंतर दोन दिवस माझा उजवा हात माझं ऐकत नव्हता. हलव्यातला अर्धा वाटा शिमशोनकाकांचा, हे ठरलेलं होतं. महिनाभर रोज त्याची आठवण ते करून देत होते. पण त्या दुपारी ब्रोन्याबाईंनी पहिली वडी खाल्ली, डोळे मिटले आणि काकांचाही वाटा संपवला. इतकी भूक त्यांना कधीच नसे. सगळे कप्पे रिकामे झाले तेव्हा त्या धुवायला उठल्या.

फाटकावर काका हात पसरून उभे होते.

“काका, हलवा केलाच नाही या वर्षी.”

“केला नाही? अख्ख्या तळघराला वेलदोड्याचा वास येतोय आणि केला नाही? एझ्रा, पेणच्या माणसाने पेझारीच्या माणसाला फसवू नये. दे तो डबा.”

“धुतलाय हो.”

“दे म्हणतो ना!”

पहिला कप्पा, रिकामा. दुसरा, रिकामा. तिसऱ्याचं झाकण घट्ट बसलेलं. काकांनी ते पोटाशी धरून ओढलं, आत प्लॅस्टिकची पुडी बघितली आणि ओरडले, “बघ! लपवलास ना, चोरा!”

त्याच वेळी गिदोन कॅनडाहून आलेल्या सहा देणगीदारांना घेऊन फाटकाशी पोचले होते. ते त्यांना सांगत होते, की गेल्या पन्नास वर्षांत या इमारतीतून एक कागदही बाहेर गेलेला नाही.

काकांच्या हातात चार होते.

गिदोन यांच्या खोलीत ते कागद टेबलावर मांडले गेले. पत्रं होती, पोलिशमध्ये, प्रत्येकावर कोपऱ्यात आमचाच शिक्का: दोनशे चौदा. नूरित सणासाठी लेकीकडे गेल्या होत्या, म्हणून खोलीतल्या कोणालाच वाचता येईना. गिदोन यांनी पेटी मागवून मोजली. आणखी सहा पत्रं नव्हती.

“कोणाला विकत होतास?” गिदोन यांनी विचारलं.

“मला खरंच माहीत नाही ती डब्यात कशी आली,” मी म्हटलं. आणि हे म्हणता म्हणता मला माहीत झालं. डबा कोण धुतं? घरी कोण नेतं? कप्प्याला टिचकी कोणी मारली? मी सहा बुधवार फाटकातून चालत गेलो होतो, शीळ घालत.

मला हसू येत होतं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटत होता. काय बाई आहे! साठ वर्षांनी पुन्हा धंदा सुरू केला आणि माणूस म्हणून निवडलं कोणाला, तर मला. मी तोंड बंद ठेवलं. आता त्या येतील आणि सांगतील, माझीच पत्रं आहेत, मीच ठेवली, पोराला सोडा. त्यांना कोण हात लावणार होतं? फार तर गिदोन यांनी पाणी विचारलं असतं.

पेटी त्यांची, म्हणून गिदोन यांनी त्यांनाच बोलावलं. “तुमच्या वस्तूंची चोरी झाली आहे. मी माफी मागतो,” म्हणाले. “या मुलाशी तुमची ओळख आहे का?”

ब्रोन्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुपारचा वेलदोडा अजून त्यांच्या श्वासाला असणार.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पेट्या उचलणारा आहे ना? तेवढंच.”

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. नियम म्हणजे नियम. सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणायचं, मग मागाहून एकट्या गिदोन यांना गाठून मिटवायचं. गिदोन यांनी मान हलवली, वही मिटली. विषय संपला होता. मी दाराकडे वळलो होतो.

“मी सांगणारच होते, याच्यावर नजर ठेवा,” त्या मागून म्हणाल्या. “हे तिकडचे लोक. गोड बोलतात, खाऊ घालतात. हात कधी चालतो ते कळत नाही.”

शिमशोनकाका भिंतीशी उभे होते. तेही तिकडचेच. त्यांनी पट्टा एक भोक आवळला.

पोलिसांना बोलावलं नाही; गिदोन यांना बातमी नको होती. मला ‘धन्यवाद’ तीन आठवडे आधीच मिळालं.

सणाचे दिवस मी खोलीत पडून काढले. दारावर टकटक होईल, खसखशीचा वास येईल, असं रोज वाटायचं. आले ते शिमशोनकाका, संत्री घेऊन.

“तोंड उघड की रे! डबा ती धुते हे मला माहीत नाही होय?”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“मी?” काका संत्रं सोलत राहिले. “मी काय सांगू? की अकरा महिने तुझी पिशवी तपासली नाही म्हणून? मला दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला.” मग त्यांनी मला एक फोड दिली. “गोड आहे,” म्हणाले. आंबट होती.

आईचा फोन आला की मी सांगायचो, कागदपत्रं चालू आहेत. कुंड्या एवढ्यात देऊ नकोस म्हटलं. दिल्यासुद्धा, ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी नूरित यांचा फोन आला. त्यांनी ती चार पत्रं वाचली होती.

“एझ्रा, ही हेलाच्या धाकट्या बहिणीची आहेत. ब्युनोस आयरिसहून लिहिलेली. ऐक.” आणि त्या वाचू लागल्या. ‘प्रिय ब्रोन्या, यंदाही तुझं उत्तर आलं नाही. स्टेशनातल्या त्या हमालाचं म्हणणं मी तुला पुन्हा कळवते. तू नाही म्हणालीस, ते मला समजतं. नियम हेलानेच मला सांगितला होता. पण तो म्हणतो, त्यानंतर तू हसलीस आणि म्हणालीस, घेऊन जा हिला, या ज्यूंचा वास लांबूनच येतो. हे खरं आहे का? हेलाने ते ऐकलं का? मला फक्त एवढंच कळायला हवं आहे.’

नूरित थांबल्या. “चारही पत्रांत हेच आहे. बाकीच्या सहांतही हेच असणार. ब्रोन्याने दोनदा अर्ज केला होता, पत्रं परत द्या म्हणून. आम्ही नियम दाखवला. एझ्रा, पत्रं तिनेच डब्यात ठेवली ना? तू हो म्हण, मी उद्या तुला कामावर घेते. कायम. नाही तर चोर म्हणून तुझंच नाव राहील.”

“संध्याकाळी सांगतो,” मी म्हटलं.

ब्रोन्याबाईंचं घर किबुत्सच्या टोकाला होतं. दार उघडंच होतं. त्या टेबलाशी बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून.

“माझं नाव घेतलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“तीन आठवडे? मूर्ख आहेस. मी दुसऱ्याच दिवशी आवरून बसले होते, आता बोलावतील म्हणून.”

“तुम्ही स्वतः जायचं होतं.”

“हं.” एवढंच म्हणाल्या.

“बाई, ‘ओळखत नाही’ म्हणालात ते मला समजलं. आवडलंसुद्धा. पुढचं कशाला?”

“नुसतं ‘नाही’ म्हटलं की माणसं तोंडाकडे बघत राहतात. मग तोंड फुटतं. वर काहीतरी टाकावं लागतं.”

“गिदोनने वही मिटली होती. कोणी बघत नव्हतं.”

मी उभाच होतो. बसायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

“स्टेशनातला तो शिपाई बघत होता?” मी विचारलं.

त्या म्हणाल्या, “पाठ फिरवली होती त्याने. हेलाचा दंड धरून तो चालायला लागला होता.”

“मग?”

“मग काय? मला ठाऊक असतं तर दहा पत्रांतल्या एकाला तरी उत्तर दिलं असतं.” त्यांनी टेबलावरचा नसलेला कचरा हाताने गोळा केला. “जा आता. आणि त्या नूरितला सांगायचं ते सांग. मी नाही म्हणणार नाही.”

मी त्यांच्या फाटकाबाहेर येऊन, जिथून त्यांची खिडकी दिसत होती तिथूनच फोन लावला. चालत पुढे जाता आलं असतं.

“हो की नाही, तेवढंच सांग,” नूरित म्हणाल्या.

“हो. ब्रोन्याबाईंनीच ठेवली.”

“झालं. उद्या सकाळी ये. गिदोनशी मी बोलते. ठेवते.”

एवढं पुरेसं होतं. त्या फोन ठेवतच होत्या.

“आणि नूरित,” मी म्हटलं, “त्यांचं हल्ली डोक्याचंही खरं नाही. आज एक सांगतात, उद्या दुसरं. गुरुवारचं तेसुद्धा निम्मं रचलेलंच असतं.”

नूरित म्हणाल्या, “असं आहे का?” आणि मी म्हणालो, “हो.”

चाळीस वेळा ऐकली होती मी ती गोष्ट. त्यात घड्याळाचं एक मिनिटसुद्धा कधी इकडचं तिकडे झालं नव्हतं.

मला कामावर घेतलं. आई आली, दोन खोल्या बघून म्हणाली, एवढ्यासाठी कुंड्या दिल्या. गिदोन सावध माणूस. डोक्याचं खरं नसलेल्या बाईची साक्ष आणि तिला आलेली पत्रं, दोन्हींचा भरवसा कोण देणार, म्हणून त्यांनी ती चार पत्रं दालनात न मांडता पेटीत परत ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. म्हणजे ब्रोन्याबाईंना जे हवं होतं ते मीच करून दिलं, तेही डब्याशिवाय. त्याच आठवड्यात त्यांना कळवलं गेलं की गुरुवारी यायची तसदी घेऊ नका. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. भोजनगृहात त्या माझ्या शेजारी रांगेत उभ्या असायच्या. मीठ मागितलं तर द्यायच्या, अनोळखी माणसाला देतात तसं, नीट.

नऊ वर्षं झाली. गुरुवारी आता त्यांचं जुनं चित्रीकरण दाखवतात. बटण मी दाबतो. पडद्यावर त्या म्हणतात, मी एक शब्द बोलले, आणि मुलं पडद्यालाच टाळ्या देतात.

परवा एक मुलगी मागे थांबली. चष्म्याची, दहा-अकरा वर्षांची, दप्तर पोटाशी धरून.

“या आजी जिवंत आहेत?”

“हो. नव्वद वर्षांच्या आहेत.”

“कुठे राहतात?”

“इथेच. चालत दहा मिनिटं.”

“मग त्या स्वतः का नाही येत?”

मी यंत्राची वायर गुंडाळत होतो. ती गुंडाळून झाली. बाहेर तिच्या बाईंनी हाक मारली, बस सुरू झाली, कोणीतरी खिडकीतून तिचं नाव घेऊन ओरडलं. ती हलली नाही.

“सांगा ना,” म्हणाली, आणि उभी राहिली.